बाई बसमध्ये चढली की नाही?

काही माणसांना पित्त होतं, काहींना दमा असतो. पाचव्या मजल्यावरच्या काकांना अभिप्राय व्हायचा. नवं पुस्तक वाचून मिटलं की तो छातीत दाटायला लागायचा आणि कुणाला तरी ऐकवून मोकळं झाल्याशिवाय काकांना घास गोड लागायचा नाही. इमारतीत सगळे त्यांना पाठीमागे अभिप्रायकाका म्हणत. समोर नुसतंच काका म्हणत आणि शक्यतो समोर येत नसत.

काका वजनमापे कार्यालयात निरीक्षक होते. दुकानदारांनी आणलेले तराजू टेबलावर मांडायचे, पितळी वजनं पुसून एकेक करून ठेवायची, काटा मधोमध थांबतो का ते डोळा बारीक करून बघायचं आणि थांबला तरच शिक्का मारायचा. खोट्या काट्यावर त्यांचा शिक्का कधीच बसला नव्हता. हे ते स्वतः सांगत, आणि कुणी विचारलं नाही तरी सांगत. पुस्तकांनाही ते हाच न्याय लावत. जुनी, नावाजलेली पुस्तकं ते वाचत नसत. त्यांच्यावर आधीच्या लोकांचे शिक्के बसलेले, मग आता तपासायचं काय? काकांना लागायचा नवा, ताजा माल. दुकानात पुस्तक आलं की आठवड्याभरात ते काकांच्या तराजूत पडलेलं असायचं.

त्यांचे अभिप्राय काही टाकाऊ नसत, हेही सांगायला हवं. परवाच्या कथासंग्रहाबद्दल ते म्हणाले होते, "निम्म्या कथा तोलात आहेत. उरलेल्या निम्म्या ही एकच कथा आहे, माणसांची नावं बदलून पुन्हा पुन्हा विकलीय." एका रहस्यकथेबद्दल त्यांचं म्हणणं होतं, की खुनी कोण हे मला कार्यालयातून घरी येता येता कळलं, मग पोलिसांना शेवटच्या पानापर्यंत पगार कशाबद्दल? एका नव्या कवितासंग्रहात कोरी जागा फार होती. ती जागा चांगली आहे, असं काकांनी मोठ्या मनानं कबूल केलं होतं.

हे सगळं ऐकायचं कुणी? काकू जेवताना ऐकत. म्हणजे काका बोलत आणि काकू वाढता वाढता "हं" म्हणत. पण एवढा अभिप्राय एका "हं"मध्ये मावायचा नाही. मग उरलेला काका लिफ्टमध्ये संपवत. लिफ्ट जुनी, जाळीच्या दाराची, चालीनं बेताची. पाच मजल्यांत एक मध्यम आकाराची कादंबरी आरामात बसायची. काका आत दिसले की लोकांना अचानक घरी काहीतरी विसरल्याचं आठवायचं. तेही बंद पडलं तेव्हा काकांनी इमारतीच्या मोबाइल ग्रुपकडे मोर्चा वळवला, आणि इथून खऱ्या रामायणाला सुरुवात झाली.

झालं असं, की सेक्रेटरींनी ग्रुपवर सूचना टाकली, उद्या सकाळी पाणी येणार नाही. ती टाकून हात खाली येतो न येतो तोच काकांनी एका वाळवंटातल्या प्रवासवर्णनावरचा अभिप्राय सोडला. तो एवढा लांब होता की सूचना वर कुठल्या कुठे गेली. दुसऱ्या दिवशी पहिल्या मजल्यावरच्या दवाखान्यात दातांच्या डॉक्टरांनी पेशंटच्या तोंडात औषध भरलं, "चूळ भरा" म्हणाले आणि नळ सोडला. नळातून फक्त हवा आली. पेशंट तसाच फुगल्या गालानं सेक्रेटरींच्या चष्म्याच्या दुकानात जाऊन उभा राहिला. त्याला बोलता येत नव्हतं, त्यामुळे तो काय म्हणतोय ते सेक्रेटरींना जास्तच लागलं.

"काका," सेक्रेटरी संध्याकाळी हात जोडून म्हणाले, "ग्रुप फक्त सूचनांसाठी आहे. तुमचं जे काही म्हणणं असेल, ते यापुढे अ‍ॅपवर टाका."

ते रागाच्या भरात बोलले होते. काकांनी तो सल्ला म्हणून घेतला.

इमारतीची देखभाल एका कंपनीकडे होती आणि तिचं एक अ‍ॅप सगळ्यांच्या फोनमध्ये होतं. ते उघडलं की विचारायचं: तक्रारीचा प्रकार निवडा. पाणी, वीज, लिफ्ट, पार्किंग, इतर. काकांनी 'इतर' दाबलं. खाली चौकोन उघडला आणि त्यात लिहिलेलं होतं, 'कृपया आपले म्हणणे सविस्तर मांडा.' काकांचे डोळे भरून आले. आजवर त्यांना अशी विनंती कुणीच केली नव्हती.

त्यांनी त्या कथासंग्रहाबद्दल लिहिलं. मजकुरात एक वाक्य होतं, 'पुढे पुढे इतका अंधार आहे की कोण कुणाशी बोलतंय दिसत नाही.' दुसऱ्या दिवशी सकाळी शिडी आणि बल्ब घेऊन वीजवाला दारात हजर!

"कुठंय अंधार?" त्यानं विचारलं.

"मधल्या पानांनंतर," काका म्हणाले. "या, बसा."

वीजवाल्याचं पुढचं काम गच्चीवर, भर उन्हात होतं. त्यानं पंख्याखाली बसून चहा घेतला, काकांचं सगळं ऐकलं, मधूनमधून "अरे बापरे" म्हटलं आणि जाताना काकांना विचारून आपल्या फोनवर नोंद केली: रहिवासी समाधानी, तक्रार निकाली. मग काकांनी एका आत्मचरित्राबद्दल 'पाणी फार घातलंय' असं लिहिलं आणि नळवाला आला. त्यानंही चहा घेऊन सगळं ऐकलं. कुणीतरी घरी येऊन ऐकतंय, ऐकल्याची नोंद करतंय, शिवाय आपलं समाधान झालं का म्हणून विचारतंय! काकांना जग एकाएकी सुधारल्यासारखं वाटायला लागलं.

आणि मग निळ्या कव्हरची ती कादंबरी आली.

कादंबरी होती एका बाईची. संसार केलेली, वयानं काकूंएवढी. सगळं पुस्तकभर ती घरात काहीबाही आवरत असते आणि शेवटी एके दिवशी हातातलं काम खाली ठेवून घराबाहेर पडते, स्टॉपवर जाऊन उभी राहते. शेवटचं वाक्य होतं: 'बस आली.' काकांनी उत्कंठेनं पान उलटलं. तिथं प्रकाशकाच्या इतर पुस्तकांची जाहिरात होती. काकांनी पुस्तक उलटं धरून झटकलं. एखादं पान सुटलं असेल म्हणून ते दुकानात जाऊन दुसरी प्रत बघून आले. त्या प्रतीतही बस आली आणि पुस्तक संपलं. काका घरी आले, चप्पल न काढता फोन घेऊन बसले आणि त्यांनी लिहिलं: 'शेवट अपुरा आहे. बस आली, पण बाई चढली की नाही याचा खुलासा व्हावा. तोपर्यंत समाधान होणे नाही.'

या तक्रारीसाठी कुणाला पाठवावं ते कंपनीला कळेना. आधी तिनं वॉचमनला कामाला लावलं. त्यानं गेटवरच्या कॅमेऱ्याचं चित्रण पुन्हा पुन्हा बघून कळवलं, की गेटसमोर बस थांबत नाही, सबब कुणी चढण्याचा प्रश्न येत नाही. काकांनी 'समाधान झाले नाही' दाबलं. त्यानंतर कंपनी गप्प झाली आणि तक्रारीपुढे 'प्रलंबित' हा शब्द लागला.

त्याच आठवड्यात लिफ्ट बंद पडली.

सेक्रेटरींनी लगेच कंपनीला फोन लावला. पलीकडून गोड आवाजाची एक मुलगी बोलली.

"सर, तुमच्या इमारतीची एक तक्रार आधीच उघडी आहे. ती निकाली निघाल्याशिवाय पुढची घेता येत नाही."

"अहो, ती गोष्टीच्या पुस्तकाची आहे!"

"प्रकार कुठलाही असो, सर. ग्राहकांच्या समाधानासाठीच आम्ही हा नियम केलाय."

"मग ती तुम्हीच बंद करून टाका ना."

"आम्हाला नाही करता येत, सर. तक्रारदारानं 'समाधान झाले' असं म्हणायला हवं."

"आणि तो नाहीच म्हणाला तर?"

"तर आम्ही मनापासून दिलगीर आहोत," मुलगी म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

सेक्रेटरी पाच मजले चढून काकांकडे आले तेव्हा त्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. ते दारातल्या चपलांच्या कपाटावरच बसले. त्यांनी खुणेनं पाणी मागितलं, काकूंनी दिलं.

"काका," श्वास सापडल्यावर ते म्हणाले, "ती चढली."

"कशावरून?"

"मी सांगतो ना! सेक्रेटरी या नात्यानं सांगतो. चढली. बसायला जागासुद्धा मिळाली तिला."

"पान दाखवा."

"अहो, पान कुठून आणू? नुसतं एक बटण दाबायचंय तुम्हाला. समाधान झाले. खोटं तर खोटं, कुणाचं काय जातंय?"

खोटं हा शब्द त्यांनी वापरायला नको होता. काका ताठ झाले. "माझा शिक्का मागताय तुम्ही," ते म्हणाले. "काटा मधोमध नसताना."

सेक्रेटरींनी कपाळाला हात लावला आणि तो तसाच ठेवून ते जिना उतरले.

मग सल्ल्यांची रीघ लागली. चौथ्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाई आल्या आणि त्यांनी शांतपणे समजावलं, "काका, शेवट वाचकावर सोडलाय. याला मुक्त शेवट म्हणतात."

"दुकानदारानं काटा गिऱ्हाइकावर सोडला तर त्याला काय म्हणतात, ते माझ्या कार्यालयात येऊन बघा," काका म्हणाले.

कार्यालयात साहेबांचं म्हणणं वेगळं पडलं. ते दुसऱ्या एका इमारतीत, तळमजल्यावर राहत असल्यानं त्यांना शांत डोक्यानं विचार करता येत होता. "हे बघा," टेबलावरचं एक वजन हातात खेळवत ते म्हणाले, "कुठल्याही तराजूला आपण थोडा फरक माफ करतो की नाही? मग पुस्तकालाही करा. एवढं मोठं पुस्तक, त्यात एक बस इकडंतिकडं."

काका रात्रभर त्यावर विचार करत होते. सकाळी ते साहेबांच्या टेबलापाशी गेले आणि म्हणाले, "फरक माफ करता येतो, साहेब. पण वस्तू पिशवीत पडली की नाही हेच जर कळत नसेल, तर वजन कशाचं करायचं?" साहेबांनी वजन खाली ठेवलं आणि ते दौऱ्यावर निघून गेले.

इकडे इमारतीत भलतंच घडत होतं. काकांशी वाद घालायचा तर आपणही पुस्तक वाचलेलं बरं, असं कुणाच्या तरी डोक्यात आलं. प्रती आल्या. आणि लिफ्ट बंद असल्यानं प्रत्येकाला मध्ये कुठेतरी दम खायला बसावंच लागे. बसलं की पिशवीतून पुस्तक निघे. संध्याकाळी पायऱ्यापायऱ्यांवर माणसं वाचत बसलेली दिसायला लागली. वर जाणाऱ्याला पाय ठेवायला जागा मिळेना. सेक्रेटरींच्या दुकानातले वाचायचे चष्मे संपले, पण त्याचा आनंद घ्यायचं भान त्यांना नव्हतं.

बघता बघता दोन तट पडले. दातांचे डॉक्टर म्हणत, चढली नाही. घराबाहेर पडलेली माणसं शेवटच्या क्षणी माघारी फिरतात, दवाखान्याच्या दारातून रोज फिरतात, मी डोळ्यांनी बघतो. मुख्याध्यापिकाबाई म्हणत, चढली, नक्की चढली, आणि तिकीट काढून चढली. पार्किंगवरून ज्यांचं कधी पटलं नव्हतं ते दोघे शेजारी 'चढली' पक्षात एकत्र आले. उलट एका घरात नवरा 'चढली' आणि बायको 'नाही चढली', त्यांचा तीन दिवस अबोला! सातव्या मजल्यावरच्या आजी खाली येऊ शकत नव्हत्या. त्या जिन्याच्या कठड्यावरून ओणवून संध्याकाळी हाक मारत, "काय रे, चढली का ती?" आणि खालून एकाच वेळी "हो" आणि "नाही" वर जाई.

शेवटी सेक्रेटरींनी गच्चीवर सर्वसाधारण सभा बोलावली. विषय एकच. चर्चा रंगली. हात वर झाले. 'सदर बाई बसमध्ये चढल्या, असे ही सभा बहुमताने ठरवते' हा ठराव मंजूर झाला. दातांच्या डॉक्टरांनी निषेध नोंदवला. ठरावावर इमारतीचा गोल शिक्का उमटवून तो कंपनीला धाडला. कंपनीनं उत्तर दिलं, की बाई चढल्याबद्दल अभिनंदन, परंतु समाधान तक्रारदाराचं हवं.

मग सेक्रेटरींनी प्रकाशकाला फोन केला. प्रकाशकानं लेखिकेला विचारून सांगतो म्हटलं आणि खरोखर विचारलं. लेखिकेनं कळवलं, तिलाही माहीत नाही.

हे ऐकून काका खुर्चीतून उठून उभे राहिले. "तिला माहीत नाही? बस तिची, स्टॉप तिचा, बाई तिची! आणि तिला माहीत नाही?"

"काका, आता तरी दाबा," सेक्रेटरी रडकुंडीला येऊन म्हणाले.

"आता तर मुळीच नाही."

काका बोलत होते तत्त्वाचं, आणि ते खोटंही नव्हतं. पण खरी गोष्ट अशी की काकांचे दिवस फार मजेत चालले होते. कार्यालयातून आल्यावर घरी पोचायला त्यांना आता दोन तास लागत. प्रत्येक जिन्यात कुणीतरी त्यांना हाताला धरून बसवी, "काका, त्या आरशाच्या प्रसंगाबद्दल काय म्हणणं आहे?" म्हणून विचारी. ज्यांना काका दिसले की घरी विसरलेलं आठवायचं, तीच माणसं आता त्यांची वाट बघत होती. लिफ्ट सुरू झाली की जिने रिकामे होणार, पुस्तकं कपाटात जाणार आणि आपण पुन्हा आपल्या अभिप्रायासकट पाच मजले एकटेच वर जाणार, हे काकांना लख्ख दिसत होतं.

आणि वर पाचव्या मजल्यावर काकू होत्या. काकूंचा उजवा गुडघा धरलेला होता. लिफ्ट बंद पडल्यापासून त्या खाली उतरल्याच नव्हत्या. संध्याकाळी बागेतल्या बाकावर त्यांच्या मैत्रिणी जमत. त्या आता खालूनच हात हलवून जात आणि काकू खिडकीतून हात हलवत. भाजी काका आणत, औषध काका आणत, आणि जिन्यातल्या चर्चाही सगळ्या आणून जेवताना वाढत. काकू "हं" म्हणत. एका संध्याकाळी काका वर आले तर काकू खिडकीशी उभ्या होत्या. बाक रिकामा झाला होता तरी त्या तिकडेच बघत होत्या.

"दुखतंय का फार?" काकांनी विचारलं.

"माझं चाललंय," काकू म्हणाल्या. "तुम्ही काय म्हणत होतात, डॉक्टर काय बोलले?"

काकांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी मुकाट्यानं फोन काढला, तक्रार उघडली, 'समाधान झाले' या शब्दांवर अंगठा नेला. अंगठा खाली येईना. बस येऊन उभी होती, दार उघडं होतं आणि बाई खालीच. काकांनी फोन खिशात टाकला आणि त्या रात्री ते नीट जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सुटी होती. सकाळीच कंपनीचा पडताळणी अधिकारी आला. एवढी जुनी प्रलंबित तक्रार कंपनीच्या इतिहासात नव्हती, म्हणून तो जातीनं आला होता. सोबत लिफ्टचा मेकॅनिक होता. तो गच्चीवरच्या खोलीत हत्यारं मांडून हुकमाची वाट बघत बसला. अधिकारी पाच मजले चढला, आणि त्याच्या मागे अख्खी इमारत चढली. जिन्यात वरखाली माणसंच माणसं. आजी कठड्यावर ओणवलेल्या.

"तक्रारदार कोण?" अधिकाऱ्यानं धापा टाकत विचारलं.

काका छाती काढून पुढे झाले. "मी."

अधिकाऱ्यानं हातातल्या पडद्याकडे बघितलं, काकांकडे बघितलं, पुन्हा पडद्याकडे बघितलं. "नाही," तो म्हणाला. "इथे बाईंचं नाव आहे."

काकांनी आपला फोन काढून बघितला. अ‍ॅपच्या माथ्यावर काकूंचं नाव होतं. ते रोजच होतं. फ्लॅट काकूंच्या नावावर, त्यामुळे कंपनीच्या दप्तरात त्याच रहिवासी आणि त्याच तक्रारदार. काकांनी ते नाव इतके दिवस पाहिलं होतं आणि एकदाही वाचलं नव्हतं.

"अगं," काकांनी आत बघून हाक मारली.

काकू पदराला हात पुसत दारात आल्या. दुसऱ्या हातात निळ्या कव्हरचं पुस्तक होतं. मध्ये खुणेसाठी त्यांनी बोट घातलेलं होतं.

"तू वाचलंस?" काका म्हणाले.

"दोनदा. आता तिसऱ्यांदा वाचतेय. खाली जाता येत नाही, मग दिवसभर करायचं काय?"

अधिकाऱ्यानं घसा साफ केला. "बाई, पुस्तकाच्या शेवटाबद्दल आपलं समाधान झालं आहे का?"

"झालं की," काकू म्हणाल्या. "पहिल्यांदा वाचलं तेव्हाच झालं."

सेक्रेटरी मटकन पायरीवर बसले. "वहिनी! मग आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही आलात, तेव्हा पाणी मागितलंत, ते दिलं," काकू म्हणाल्या. "हे कुणी विचारलं?"

अधिकाऱ्यानं बटण दाबलं. 'प्रलंबित' हा शब्द गेला. सेक्रेटरींनी बसल्या जागेवरून लिफ्टची तक्रार टाकली, अधिकाऱ्यानं ती घेतली आणि वर तोंड करून मेकॅनिकला हाक दिली. गच्चीवर ठोकाठोक झाली, काहीतरी घरघरलं, आणि थोड्या वेळानं दिवा लागलेली लिफ्ट हळूहळू पाचव्या मजल्यावर येऊन थांबली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्याच क्षणी जो तो आपापल्या मजल्यावर जाऊन बटण दाबून उभा राहिला. जिने रिकामे झाले. काकांना वाटलं होतं, अगदी तसेच.

पहिला मान काकूंचा, असं सेक्रेटरींनी जाहीर केलं होतं. काकूंनी चप्पल घातली. काकांनी जाळीचं दार सरकवून उघडं धरलं.

"मग तुझ्या मते ती चढली का?" काकांनी हळूच विचारलं.

"ते मला महत्त्वाचं नाही वाटलं," काकू म्हणाल्या. "ती बाहेर पडली, तिथंच माझं पुस्तक पुरं झालं. पण माझी मधल्या भागाबद्दल तक्रार आहे."

अधिकाऱ्यानं जिन्यातून मागे वळून बघितलं. त्याचा चेहरा पांढरा पडला. "बाई, ती वेगळी तक्रार होईल हं, तिचा वेगळा नंबर..."

"तुमच्या कंपनीकडे नाही द्यायची ती," काकू म्हणाल्या. "यांच्याकडे द्यायचीय."

अधिकारी दोन दोन पायऱ्या गाळत खाली गेला. काकूंनी बोट घातलेलं पान उघडलं. "हे जेवणाचं प्रकरण. नवरा बोलतोय, बोलतोय, अख्खं पान बोलतोय. ती वाढतेय. तेव्हा ती काय विचार करत होती, ते लेखिकेनं लिहिलंच नाही. मला ते हवं होतं."

काकांना त्या प्रकरणाबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ होतं. संवाद पाल्हाळिक होता, त्यात शब्दांची उधळपट्टी होती, तोलात काहीच नव्हतं. सगळं ओठांवर आलं. काकांनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

"काय विचार करत असेल?" ते म्हणाले.

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. थट्टा नाही ना, अशा नजरेनं नीट बघितलं. मग त्या लिफ्टच्या उंबऱ्यावर पाऊल ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बरंच काही. सांगायला लागले तर वेळ लागेल."

"लागू दे," काका म्हणाले आणि दारावरची पकड त्यांनी घट्ट केली.

काकू सांगायला लागल्या. खालून पहिल्या मजल्यावरून दातांचे डॉक्टर ओरडले, "दार लावा!" तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी जाळी खडखडवली. आजी वरून विचारत होत्या, आता कशासाठी अडलंय. सेक्रेटरी तळमजल्यावरून घसा फोडून सांगत होते, की काका, दार लावल्याशिवाय लिफ्ट हलत नाही हो! काका दार धरून उभे होते आणि काकू थांबल्या की फक्त "हं, मग?" म्हणत होते.